मातीचं शिंग

(कसबा बावडा. दुपार कलत आलेली. सोप्यावर बाळासो हातात कागद धरून बसलाय. त्याची थोरली बहीण आक्का सुपात तांदूळ निवडतेय. मुलगी क्रांती, शहरातल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला, आत्ताच दारात आलीय. उद्या सकाळी रानात उसाची लागण, म्हणजे लावणी, आहे.)

बाळासो : ...आन हे बघ, हितं. "सेंद्रिय कर्ब, भरपूर." भरपूर! म्या न्हाय म्हनत, तुझंच हापिस म्हनतंय. खाली शिक्का हाय.

क्रांती : आबा, चपला तरी काढू का?

बाळासो : काढ की. पर काढता काढता ऐक. "क्षार, सामान्य." "सामू, सात पॉईंट दोन." आता ह्यो सामू कुठला पावना ते मला म्हाईत न्हाय, पर त्येच्याम्होरं "उत्तम" लिवलंय. चार वर्सं माझ्या मागं लागलीयास, आबा रान मेलं, आबा रान मेलं. मेलेल्याला कुनी उत्तम म्हनतं व्हय गं?

आक्का : पानी पिऊ दे तिला, तम्मा. बसमधनं उभी आलीया.

बाळासो : बघा! चाळीस वर्सं झाली गडहिंग्लजाच्या सासरासनं माघारी येऊन, तरी धाकल्या भावाला कानडीत 'तम्मा' म्हननं आक्काच्या तोंडातनं काय जाईना. म्हन बाई. आज तुझा तम्मा पास झालाय.

क्रांती : आत्ती, राहू दे, मी घेते पाणी. आबा, तो कागद मी कालच तीनदा वाचलाय. माझ्या शेजारच्याच टेबलावर परीक्षण झालं त्याचं.

बाळासो : मग तोंड का असं? पेढं कुठायत?

क्रांती : वर्षभरात माझ्या हाताखालून सातशे पिशव्या गेल्या. एकाही उसाच्या रानाचा कर्ब असा आला नाही.

बाळासो : सातशेत पयला! आन पोरगी रडतीया.

क्रांती : गेल्या वर्षी ऊस माझ्या कमरेला लागत नव्हता. पानं कडेनं भाजल्यासारखी. सरीच्या वरंब्यावर मीठ सांडल्यासारखा पांढरा खार. उत्तम माती असं करते?

बाळासो : बियाणं खराब हुतं.

क्रांती : आणि त्याच्या आदल्या वर्षी?

बाळासो : हुमणीची अळी.

क्रांती : हुमणीसुद्धा राहत नाही आता त्या रानात. गांडूळ शेवटचं कधी बघितलंत?

बाळासो : गांडुळांची हजेरी घेत न्हाय मी. हे बघ क्रांती, मला दमवू नगंस. मी आदीच दमलोय. बियाणं तुटून बांधाला पडलंय. उद्या साताला पिराजीची टोळी येनार, सांजपातूर लागण आवरायची. मोटर वायंडिंग करून कालच बसवलीया.

क्रांती : कुठं बसवली?

बाळासो : कुठं म्हंजे? हाय तिथंच.

क्रांती : नाल्यावर.

बाळासो : मग काय आभाळाला लावू? नदीच्या पान्याची पाळी आठ दिसानं येतीया, आली तर लाईट नसतीया. नाला बांधाला लागून. बटन दाबलं की पानी. तू कालेजात हुतीस तवा ह्याच पान्यावर ऊस दोन पुरुष उंच गेलता. लोकं बघाय येत हुती.

क्रांती : आली होती. मला आठवतंय. त्यात कारखान्यांचं काय काय होतं, वस्त्यांचं काय काय होतं, ते कुणी बघायला आलं नाही. पहिली तीन वर्षं त्यानं दिलं, आबा. नंतर घ्यायला लागलं.

बाळासो : हे तुझं तोंडपाठ हाय.

क्रांती : हो, आहे. रोज तेच सांगते येणाऱ्या शेतकऱ्यांना. ते मान हलवतात, घरी जातात आणि बटण दाबतात. आता मलाही कंटाळा आलाय सांगायचा. तरी एक विचारते, शेवटचं. माती कुणी काढली?

बाळासो : मी.

क्रांती : मी फोनवर सांगितलं तशी? नागमोडी चालत, सहा ठिकाणी वीतभर खड्डा, बांध सोडून, झाड सोडून?

बाळासो : म्हंजे... मीच. मंगळवार पेठंत मोटर आनाय गेलतो त्या दिशी. आक्काला म्हनलं, रानातली माती पिशवीत भरून ठिव, पोरीच्या हापिसात द्यायचीया. काय आक्का? भरलीस न्हवं?

आक्का : भरली की.

क्रांती : आत्ती, रानातून भरलीस?

आक्का : रानातलीच हाय. दुसऱ्याची कशाला घालू?

बाळासो : झालं? का आता तिला बी उभी करतीस कोर्टात?

क्रांती : तिथं माती आधी लाकडी मोगरीनं कुटतात, मग चाळतात. चाळणीवर खडे राहतात, मुळ्या राहतात. आमच्या पिशवीतलं हे राहिलं होतं, आज सकाळी कचऱ्यात सापडलं. बघा. कागदात बांधून आणलंय.

बाळासो : काय हाय ते? खापरी?

क्रांती : नीट बघा. बोटात धरा.

बाळासो : बाकदार हाय. टोकाला निमुळतं. आरं... हे शिंग हाय.

क्रांती : बैलाचं. मातीच्या बैलाचं.

बाळासो : बेंदराच्या सनाला पूजत्यात त्यातलं? आन ते रानात कुठनं आलं?

क्रांती : तेच विचारायला बसमधनं उभी आले.

आक्का : दे हिकडं. मोडंल.

बाळासो : आक्का.

आक्का : आपला सोन्या बैल हुता न्हवं, त्येच्यागत केल्याल्या बैलाचं हाय हे. डावं. उजवं शिंग मी जरा आखूड करती त्येचं. ह्येचं कसं न्हाय विरघळलं कुनास ठावं.

क्रांती : आत्ती, कुठली माती दिलीस गं तू?

आक्का : डेऱ्यातली.

बाळासो : कुठल्या डेऱ्यातली?

आक्का : माझ्या. फळीखालच्या.

बाळासो : ती... महापुरात सगळ्यांनी धान्य उचललं, भांडी उचलली, आन तू तुझ्या डोक्यावर तो डेरा घेऊन साळंत गेलतीस, त्यो? मी समद्या गावाला सांगितलं, आमच्या आक्कानं त्यात दागिनं पुरल्यात!

आक्का : ऐकलंय ते. हसली की मी बी.

बाळासो : आन त्यात माती हुती?

आक्का : तुझ्याच रानाची. तू नाल्यावर मोटर बसवलीस न्हवं, तवाची. नारळ फोडून बटन दाबायचं हुतं दुसऱ्या दिशी. त्या दुपारी मी एकली रानात गेले आन दोन पाट्या काढून आनल्या. मऊ हुती. लोन्यागत.

क्रांती : म्हणजे बारा वर्षं झाली.

आक्का : वर्सं मोजली न्हाईत. बेंदूर मोजल्यात. बारा बेंदूर. दरसाली त्याच मातीचं बैल करती, पूजती, निवद दावती आन दुसऱ्या दिशी पान्यात भिजवून माघारी डेऱ्यात. लोकं नदीला सोडत्यात. मी न्हाय सोडत.

बाळासो : का पर? माझ्या रानात माती न्हवती व्हय?

आक्का : केला हुता एकदा. तिसऱ्या का चौथ्या साली. म्हनलं बघावं. सकाळी केला, सांजंला पाठीवर चिरला. आन दुसऱ्या दिशी सगळ्या अंगावर पांढरं फुललेलं, कोड आल्यागत. त्येला हळद-कुकू लावाय माझा हात उचलंना. परड्यात पुरला तसाच.

बाळासो : मला दावलास न्हाय.

आक्का : तू त्या साली हार घालून आलतास. एकरी टन जास्ती पडलं म्हनून.

क्रांती : आत्ती, पण मग तपासायला तीच माती का दिलीस? आम्हाला आत्ताची हवी होती गं. खरी.

आक्का : मला काय कळतंय तुझं तपासनं? तम्मा म्हनला, सरकारात जानार हाय, चार सायेब बघनार हायत. आता पोरगी बघाय पावनं आल्यावर तिला काय श्यानाच्या हातानं म्होरं बसवत्यात? चांगलं लुगडं नेसवूनच बसवत्यात. घरात चांगली म्हनावी अशी तेवढीच माती उरलीती. तीच दिली. मूठभर तेवढी राखली.

बाळासो : सत्यानाश. म्हंजे हे "उत्तम"...

क्रांती : उत्तम होती, आबा. हा रिपोर्ट बारा वर्षांपूर्वीच्या रानाचा आहे.

बाळासो : म्हंजे लगीन झालेल्या पोरीची पत्रिका जुळली म्हनायची.

क्रांती : हसू नका.

बाळासो : हसत न्हाय. रडाय येत न्हाय म्हनून बोलतोय. सकाळपासनं चार घरं हिंडलो हा कागद घेऊन. शेजारच्या रानवाल्या गनपतरावाला वाचून दावला. त्येला म्हनलं, तू कसा खंदून पाईप घालतोस रानात, बायली कसली खुळं, माझ्या नाल्याच्या पान्यानं माती सोन्यागत केलीया. आता त्येच्या दारावरनं जाऊ कसं?

क्रांती : जायचं. गणपतकाकांचा निचऱ्याचा पाईप तुमच्या बांधापर्यंत आलाय. पुढं ओढ्याला जोडायला तुमच्याच रानातनं न्यावा लागतोय. ते तुमची वाट बघतायत, दोन महिने झाले.

बाळासो : आक्का, तुला ठावं हुतं. बारा वर्सं. एका शब्दानं बोलली न्हाईस?

आक्का : बोलली की.

बाळासो : कवा?

आक्का : रोज. तुझ्याच सोप्यावर बसून. तू पावन्यांना म्हनायचास, आमच्या आक्काचा गळा ऐका.

क्रांती : कुठलं गं आत्ती? ते पाटाचं?

आक्का : तुला येतंय?

क्रांती : कॉलेजात होते तेव्हापासून ऐकतेय. म्हण की तू.

आक्का : आता दम न्हाय पुरत.
पानी आलं पाटाला गं, काळं काळं शाईवानी
बंधू माझा हासतो गं, रान रडं बाईवानी...

बाळासो : हे... हे जुनं न्हाय? आईचं न्हाय हे?

आक्का : आईच्या येळंला काळं पानी कुठं हुतं, तम्मा?

बाळासो : मला वाटलं जात्यावरचं कायतरी.

आक्का : चाल जात्यावरचीच. बोल माझं.

बाळासो : अगं, असं गानं म्हनून कुनी सांगतं व्हय? तोंडावर सांगायचं. शिवी घालायची!

आक्का : कुनाला? ज्येच्या ताटात जेवती त्येला? तू मला कवा एका शब्दानं टोचलं न्हाईस, हे खरं. पर भावाच्या घरी बाईनं रानाच्या गोष्टीत पडाय नगं, हे मला कुनी शिकवाय लागलं न्हाय. गान्याला कुनी इचारत न्हाय, कुनाच्या नावानं हाय म्हनून. म्हनून गायली.

क्रांती : आत्ती...

आक्का : तू रडू नगंस, यव्वा. तांदूळ खारं हुत्याल.

बाळासो : मला कळायलाच पायजे हुतं. माझ्या तोंडाफुडं माझंच...

आक्का : कळत हुतं तुला. पानी पाजून आलास की रोज हितं पायरीवर बसून पाय घासतोस. खोबरेल चोळतोस. नखं काळी पडल्यात. गमबूट आनलंस. तुझ्या कातड्याला सोसंना ते पानी, रानाला कसं सोसलं आसंल? त्येला कुठलं गमबूट?

क्रांती : आबा, खरंय हे? पाय खाजतात?

बाळासो : काय बोलू? व्हय, खाजत्यात पाय. व्हय, वास येतोय. नांगर धरला की ढेकूळ फुटत न्हाय, फरशीगत उलथतंय. मला दिसत न्हाय व्हय? पर दिसलं म्हनून करायचं काय? बटन बंद केलं तर ऊस वाळतोय. चालू ठेवलं तर रान जळतंय. एक दीस ह्ये, एक दीस त्ये. मग एक दीस मानूस म्हनतंय, जाऊ दे, माझ्यापुरतं तर पुरंल.

क्रांती : पुरणार नाही. तुमच्यापुरतंसुद्धा.

बाळासो : मग सांग. एकदा सांग, सोपं करून. हापिसातलं नगं.

क्रांती : उद्या लागण करायची नाही. हे पहिलं.

बाळासो : आन दुसरं?

क्रांती : नाल्याची मोटर काढायची. काकांचा पाईप आपल्या रानातनं ओढ्याला जोडू द्यायचा, म्हणजे खाली तुंबलेलं खारं पाणी निघून जाईल. रानात ताग पेरायचा, फुलावर आला की खत म्हणून मातीत गाडायचा. परत पेरायचा, परत गाडायचा. आत्ताची माती तपासून मग जिप्सम किती टाकायचं ते सांगते. नाल्यातनं काही जड विषारी आलंय का, ते वेगळं तपासून घेऊ. ते असलं तर ते असं धुऊन जात नाही. तेही सांगेन, लपवणार नाही. आणि दोन वर्षं ऊस नाही.

बाळासो : दोन वर्सं!

क्रांती : कमीत कमी.

बाळासो : दोन वर्सं मोकळं रान बघू कसं गं मी? येनाराजानारा इचारंल, बाळासो, रान का मोकळं?

आक्का : चाळीस वर्सं मी आरशात मोकळं कपाळ बघती, तम्मा. पयलं वरीस जड जातंय. मग डोळ्याला सवं हुती. आन तुझ्या रानाला तर परत कुकू लागनार हाय म्हनती पोरगी.

बाळासो : लागनार हाय? खरं सांग, क्रांती. माझ्या डोळ्यांत बघून. हुतंय का माघारी?

क्रांती : पूर्ण माहीत नाही. पण एक गोष्ट आज आपल्याकडं आहे, ती सातशे पिशव्यांत एकाकडंही नाही. बाकीच्यांना फक्त कळतं की रान किती बिघडलं. मुळात कसं होतं, ते कुणीच तपासून ठेवलं नाही. आपल्याकडं आत्तीचा कागद आहे. कर्ब किती, क्षार किती. कुठं पोचायचं ते लिहून आलंय.

बाळासो : म्हंजे म्या सकाळपासनं जे मिरवत हुतो...

क्रांती : ते टाकू नका. कपाटात ठेवा.

बाळासो : हं. फोन दे माझा. त्या कोनाड्यात हाय. ...हॅलो. पिराजी? बाळासो बोलतोय. न्हाय न्हाय, बियाणं हाय चांगलं. ऐक की मर्दा. उद्या टोळी आनू नगंस. ...न्हाय, पुढच्या आठवड्यात बी न्हाय. ...आजारी? व्हय, आजारीच म्हन. मी न्हवं. रान. ...आरं, कागद खराच हाय, पर त्यो दुसऱ्या मातीचा. ...सांगतो कवातरी, बसून. बियाणं पायजे तर तूच घेऊन जा, वाळवू नगंस. ...व्हय. ठेवतो. ...हसतोय फोकलीचा.

आक्का : हसू दे.

बाळासो : उद्यापातूर निम्म्या बावड्याला कळतंय बघ. बाळासोनं म्हातारीच्या डेऱ्यातली माती तपासून आनली.

क्रांती : चला, खोरं घ्या. उजेड आहे तोवर सहा खड्डे होतील. मी येते, नागमोडी कसं चालायचं ते दाखवते.

बाळासो : मला चालाय शिकवतीस? माझ्याच रानात?

क्रांती : हो. सरळ चाललं की माणूस चांगल्या जागाच निवडतो.

बाळासो : हं. हे बाकी खरं. पिशवी घे. आन ह्या खेपंला म्या सोता भरतो, वास येऊ दे न्हायतर काय बी येऊ दे.

आक्का : क्रांती, हापिसात उरलीया का गं माझी थोडी?

क्रांती : उरलीय. निम्म्याहून जास्त. पण कुटून चाळलेली आहे आत्ती, पार पीठ झालंय.

आक्का : आनशील? आठ दिसांवर बेंदूर आलाय. माझ्याकडं मूठभर हाय, त्यात एक बैल हुईल. जोडी न्हाय हुनार, एकच.

बाळासो : एक कसा पूजतीस? बैल कवा एकला असतोय व्हय?

आक्का : मग काय करू? हाय तेवढ्याचा करीन की.

बाळासो : दुसरा ह्या मातीचा कर. आत्ता आनतोय त्या.

आक्का : चिरंल, तम्मा. पांढरा पडंल. सांगितलं न्हवं तुला?

बाळासो : चिरू दे. जोडीला उभा कर. आन निवद आदी त्येला दाव, आक्का. लई राबलाय त्यो.